आजाराचं नाव नको, काय सांभाळायचं ते लिहा

केळझर, ता. सेलू, जि. वर्धा

वर्धा जिल्ह्यातले डॉक्टर, समुपदेशक आणि चिठ्ठी देऊन माणसं आमच्याकडे पाठवणारे सगळेच यांस,

तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठ्या मी एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. हे पत्र लिहायला बसण्याआधी तो डबा उघडला. बहुतेक चिठ्ठ्या तीन-चार शब्दांच्या. ‘नैराश्य. मोकळ्या हवेत फिरवणे.’ ‘झोप नाही, चिंता. टेकडी.’ एकीवर तर नुसतं ‘निसर्ग’ लिहिलंय आणि खाली सही. गोळीचं नाव लिहिताना सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, पंधरा दिवस असं सगळं लिहिणारा हात निसर्गापाशी आला की इतका उदार का होतो, हे मला कळत नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. सिद्धिविनायकाच्या टेकडीच्या बाजूला माझं तीन एकर वावर आहे. गावातल्या दोन ताई आणि मी मिळून आठवड्यातून दोन सकाळी दहा-बारा माणसांना सोबत घेतो. टेकडीच्या पायथ्यानं चालतो, कडुनिंबाखाली बसतो, भाजीच्या चार वाफ्यांत हात घालतो, पाखरं बघतो, चहा पितो आणि घरी जातो. यात उपचार किती आणि सोबत किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही. पण चार महिने घराबाहेर न पडलेली बाई पाचव्या आठवड्यात स्वतःहून वांग्याच्या रोपाला पाणी घालते, हे मी पाहिलंय. म्हणून तुम्ही माणसं पाठवता याबद्दल माझी तक्रार नाही. पाठवत जा. तक्रार आहे ती पाठवण्याच्या तऱ्हेबद्दल.

आमच्या गावाला माणसं पाठवण्याची गोष्ट नवी नाही. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथं सगळे मानतात. बकासुराकडे रोज एक माणूस पाठवायचा नियम होता तो याच गावाचा. पण त्या माणसासोबत निदान गाडाभर अन्न तरी जायचं. तुमच्या माणसासोबत तीन शब्द येतात.

आता एका सकाळचं सांगतो. तिळी चतुर्थी होती. टेकडीवर पहाटेपासून गर्दी. आमच्या गटात पन्नाशीचे एक शेतकरी होते, चिठ्ठीवर फक्त ‘नैराश्य’. थंडी चांगली होती, मी स्वेटर घातलेला. अर्धा तास चाललो असू, तर यांचा सदरा पाठीवर ओला. मग ते काहीबाही बोलायला लागले. बैल सुटलेत, गेट लावा, असं काहीतरी. आमच्या ताईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, ‘गुरुजी, यायचा आजार वर आला वाटते.’ मलाही तेच वाटलं. चिठ्ठीत मनाचा आजार लिहिलेला, म्हणजे जे दिसतं ते मनाचंच. मी त्यांना गोड बोलून पारावर बसवत होतो. तेवढ्यात चहाटपरीवाला केटली तशीच ठेवून धावत आला. ‘गुरुजी, बोलत काय बसले? शुगर पडली यायची! घाम पाहा ना!’ त्यानं ग्लासात मूठभर साखर ढवळली आणि ते गिळू शकतात एवढं बघून घोट घोट पाजली. टपरीवाल्याला स्वतःला मधुमेह आहे म्हणून त्याला कळलं. आम्हा तिघांना कळलं नाही.

दहा मिनिटांनी ते गृहस्थ माणसात आले. साखरेची न्याहारीआधीची गोळी सकाळी नेमानं घेतलेली आणि चतुर्थीचा उपास म्हणून न्याहारी नाही, असा प्रकार होता. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘उपास मोडला ना जी माया?’

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी नैराश्य लिहिलं ते खरंच होतं. मधुमेहाची गोळी दुसऱ्या दवाखान्याची होती, त्यांनाही कदाचित माहीत नसेल. पण त्या दिवसापासून मला तुमच्या चिठ्ठीवरच्या आजाराच्या नावाची भीतीच वाटू लागली आहे. ते नाव आमच्या डोळ्यांवर झापड बांधतं. गोळ्यांची पूर्ण यादी आणि ‘उपाशी चालवू नये’ हे तीन शब्द असते, तर आम्ही आधी विचारलं असतं, ‘काकाजी, आज खाल्लं काय?’ आता विचारतो, सगळ्यांनाच. चतुर्थीला गट घेत नाही. दोन्ही ताईंच्या पिशवीत साखरेची पुडी असते.

तर पहिली विनंती ही. आजाराचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल. खरं तर लिहूच नका. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा आहे, त्यात रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे, आणि आमच्यासारख्या गावात चिठ्ठी चार हातांतून जाते. मला नाव नको, काय सांभाळायचं ते हवं. उन्हात चालेल का? पाण्याजवळ, कड्याजवळ नेऊ का? उभं राहिल्यावर चक्कर येते का? पायाला संवेदना आहे का? फिट येते का? एवढ्याची उत्तरं त्या माणसाला विचारून, त्याच्या संमतीनं, त्याच्यासमोर लिहा. पाच मिनिटं जातील. तुमच्या ओपीडीत पाच मिनिटं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. बाहेरच्या बाकावर मीही बसलोय.

उन्हाचं थोडं सविस्तर लिहितो, कारण यात आम्ही अडाणी होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा फिरणं बंद हे कुणालाही कळतं. पण फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी, पळस फुललेला असताना, आमच्या मनात ऊन नसतंच. सेवाग्रामच्या बाजूच्या एका परिचारिका ताईंनी मला बसवून समजावलं, तेव्हा कळलं की लिथियम घेणाऱ्या माणसाला घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं तर तीच गोळी अंगात साचून विषासारखी वागते. हात जास्त थरथरतात, जीभ जड होते, चाल डगमगते, ओकाऱ्या-जुलाब होतात. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी, आणि हात थरथरू नयेत म्हणून त्यांच्या जोडीला दिलेल्या गोळीनंही, घाम येणंच कमी होतं आणि अंग तापत जातं. त्यांनी आणखी एक विचारलं. ‘गुडघा दुखला तर तुम्ही काय देता?’ मी म्हटलं, खिशात दुखण्याची गोळी असते, ती देतो. त्यांनी कपाळाला हात लावला. लिथियमच्या माणसाला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या आपल्या मनानं द्यायच्या नसतात, त्यांनी लिथियमचं प्रमाण वाढतं. मी दोन वर्षं वाटत होतो. काही झालं नाही ते नशीब. आता खिशात गोळी ठेवत नाही, गुडघा दुखला तर बसवतो.

हे मला एका ताईंकडून, योगायोगानं कळलं. चिठ्ठीतून कळायला हवं होतं.

पायाचंही असंच. देवळात चप्पल काढावी लागते. मार्चमध्ये ऊन चढलं की फरशी तापते, तुम्ही-आम्ही टुणटुण उड्या मारत सावली गाठतो. एक आजी शांतपणे प्रदक्षिणा घालत राहिल्या. आम्ही कौतुकानं पाहत होतो, काय श्रद्धा आहे म्हणून. चहाच्या वेळी पाय वर घेतला तर तळव्याला फोड. मधुमेहानं पाय सुन्न झालेले, त्यांना चटका कळलाच नव्हता.

आणि हे कुठं व्हावं, तर वर्धा जिल्ह्यात! सुन्न हातापायाच्या माणसाला मातीत काम कसं द्यायचं, हे ज्या जिल्ह्यानं इतरांना शिकवावं, त्या जिल्ह्यात. मनोहरजी दिवाणांनी 1936 साली दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींचं अंग गांधीजी स्वतः चोळत. बाबा आमटे आपल्या हिंगणघाटचे. त्यांनी वरोऱ्याला 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि पुढे आनंदवनात कुष्ठरोगी माणसांनी खडकाळ जमिनीतून पीक काढलं. या कामाची लोकांना त्यागाची बाजू तेवढी माहीत असते. मला त्यातली बारीक शिस्त मोठी वाटते. कुष्ठरोगात बधिर झालेल्या हाताला फोड कळत नाही, म्हणून अवजाराच्या दांड्याला कापड गुंडाळायचं. पायात मऊ तळाची चप्पल हवीच. आणि काम संपल्यावर तळहात-तळपाय डोळ्यांनी तपासायचे, कारण अंग सांगत नाही ते डोळ्यांनीच बघावं लागतं. आम्ही आता चहाआधी सगळ्यांचे तळपाय बघतो. लोक आधी लाजले, आता स्वतःच पाय पुढे करतात.

दुसरी विनंती मजुरीबद्दल आहे, आणि तिच्यात आधी माझीच चूक सांगावी लागेल. पहिल्या वर्षी, मातीत हात घातला की मन हलकं होतं असं कुठंतरी वाचून, मी सगळ्यांना ओळखीच्या एकाच्या सोयाबीनमध्ये निंदायला नेलं. त्याचं तण निघालं, आमचा कार्यक्रम झाला. निघताना एका बाईनं पदरानं तोंड पुसत सहज विचारलं, ‘किती भेटन जी मजुरी?’ मी काही बोलू शकलो नाही. तिनं त्या दिवशीची दुसरीकडची मजुरी बुडवून आमच्याकडे यायचं ठरवलं होतं, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून कुणाच्याही पिकात काम नाही. चार वाफे आमचे आहेत, त्यातली वांगी-मेथी पिकवणाऱ्यांनीच वाटून घ्यायची.

म्हणून निंदणाच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी बाई तीन आठवडे आली नाही, तर तिच्या कागदावर ‘सहकार्य नाही’ असं लिहू नका. ती आधीच दिवसभर निसर्गात असते, वाकून. तिला हवी असते ती झाडाखाली बसायची परवानगी.

जंगलाबद्दलही एक लिहायचंय. अलीकडे ‘फॉरेस्ट बाथिंग’चा उल्लेख चिठ्ठीत येऊ लागलाय. जपानमध्ये 1982 साली शिनरिन-योकू हा शब्द रुळवला गेला. वनात शांत, सावकाश वेळ घालवायचा, एवढाच त्याचा साधा अर्थ. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या शेजारचं वन म्हणजे बोर. 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. मोह गळायच्या दिवसांत पहाटे झाडाखाली माणसांआधी अस्वल पोचलेलं असतं. तिथं डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला मी कुणाला बसवणार नाही. आम्ही जंगलात जात नाही, गावाच्या कडेला राहतो.

कडेलाही कमी धोके नाहीत. रानडुकरं येऊ नयेत म्हणून धुऱ्यावरच्या तारेत कुणी चोरून थेट लाइनचा करंट सोडलेला असतो. म्हणून आम्ही रस्ता आदल्या संध्याकाळी स्वतः चालून येतो आणि धुरा ओलांडायचा असेल तर वावरमालकाला फोन करतो. पाचोळ्यात घोणस, कपारीला आग्या मोहोळ, मृगाच्या आधीची वीज. पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत तर आम्ही फिरतच नाही, ओसरीत बसून रोपांच्या पिशव्या भरतो. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय हलू न देता 108 ला फोन करून थेट सेलूचा दवाखाना गाठायचा, हे दर महिन्याला एकदा घोकून घेतो. पण हा सगळा भार आमचा, तो तुमच्यावर ढकलत नाही. तुमच्याकडे फक्त एवढंच मागतो, की ‘जंगल’ लिहिण्याआधी एकदा आमच्या वाटेवरून चालून जा. चहा आमच्याकडे.

आता जे लिहायचं ते लिहायला मला जड जातंय.

एक तरुण आमच्याकडे यायचा. चांगला बोलायचा, पाखरांची नावं माझ्याहून भराभर पाठ केली त्यानं. नीलपंख त्याचा आवडता. त्याला शेतीची आवड म्हणून मी त्याला वाफ्यांच्या पाण्याची जबाबदारी दिली. म्हणजे सकाळी एकट्यानं वावरात यायचं, मोटार सुरू करायची. माझ्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता आणि कोठ्याला कुलूप नसायचं, आत फवारणीची औषधं. दोन महिन्यांनी त्याच्या आईनं बोलता बोलता सांगितलं, की आमच्याकडे यायच्या आदल्याच महिन्यात त्यानं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि दवाखान्यात होता. चिठ्ठीवर होतं: ‘शेतीची आवड. कामात गुंतवणे.’

तो मुलगा आज ठीक आहे, कामाला लागलाय. पण त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी कोठ्याला कुलूप लागलं, महिन्याभरात विहिरीला कठडा बांधला, आणि कुणालाही एकट्यानं काम द्यायचं नाही असा नियम झाला. हे मी आधीच करायला हवं होतं, मान्य. पण ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी सरकारला प्रेरणा प्रकल्प काढावा लागला, जिथं आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात, तिथल्या चिठ्ठीत ‘सध्या एकटं ठेवू नये’ एवढे चार शब्द यायला काय हरकत आहे? त्यात कुणाची बदनामी होत नाही. चार शब्दांत सगळं कळतं.

तिसरी विनंती यातूनच निघते. चिठ्ठीवर एक फोन नंबर लिहा, जो सकाळी सात ते दहा कुणीतरी उचलेल. तुम्हीच उचलायला हवा असं नाही. परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, कुणीही. आज अडचण आली की मी चिठ्ठीवरच्या शिक्क्यातला नंबर लावतो, तो कार्यालयाचा असतो आणि कार्यालय दहा वाजता उघडतं. आमची माणसं तोवर घरी गेलेली असतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आम्ही सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिलाय, तो रात्री-अपरात्रीही चालतो. पण फोनवरच्या त्या माणसाला आमच्या काकाजींची गोळी माहीत नसते. ती तुम्हाला माहीत आहे.

इंग्लंडमध्ये 2021 पासून सात भागांत सरकारनं ही निसर्गाची चिठ्ठी राबवून पाहिली. तिथं डॉक्टर आणि बागेच्या मधे एक माणूस नेमलेला असतो. तो आलेल्या माणसाजवळ निवांत बसतो, त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते ते विचारतो, लागलं तर पहिल्या दिवशी सोबत जातो. आपल्याकडे हे काम आशाताईंच्या गळ्यात घाला असं सुचवायचा मोह होतो, पण त्यांच्या गळ्यात आधीच काय काय आहे ते मी रोज पाहतो. मोबदला देणार असाल तरच सुचवा.

फोटोचं राहिलंच. गेल्या वर्षी एका कार्यालयाचे पाहुणे आले, आम्हाला न विचारता रांगेत उभं करून फोटो काढला, आणि तो ‘मनोरुग्णांसाठी निसर्ग सहल’ अशा नावानं गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. त्यातली एक मुलगी पुढे आली नाही. तिचं लग्न जमत होतं. कृपया वांग्यांचा फोटो काढा, वांगी सुंदर आहेत.

दसरा झाला की पुन्हा चालायला सुरुवात होईल, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहा. नवीन माणसं पाठवायची असतील तर घटस्थापनेपर्यंत कळवा, म्हणजे त्यांच्या घरी आधी जाऊन येता येईल. एका वेळी बारापेक्षा जास्त घेत नाही, आग्रह करू नये.

आपला नम्र,
केळझरचा एक निवृत्त मास्तर

ता.क. – चिठ्ठी कशी असावी याचा नमुना एका कागदावर हातानं लिहून, झेरॉक्स काढून सेलूच्या बसस्टँडजवळच्या दुकानात ठेवला आहे. दोन रुपयाला मिळतो. मागची बाजू कोरी सोडली आहे, तिथंही लिहिलं तर आम्ही वाचतो.